क्रमांक तोच, कंपनी कोणती?



विषय तसा घरगुती आहे. रात्रीची जेवणे आटोपत असतात आणि मोबाईलवर संदेश येतो की, योजनेची मुदत उद्या संपत आहे. घरातील कोणीतरी म्हणते, ‘या वेळी कंपनीच बदलून टाकू.’ चर्चा होते, शेजाऱ्याच्या मेहुण्याचा अनुभव सांगितला जातो आणि अखेर कंटाळून जुन्याच कंपनीचे पैसे भरले जातात. अठ्ठावीस दिवसांनी तीच चर्चा पुन्हा. एवढ्याशा गोष्टीवर व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या दहा आकडी क्रमांकाला आज बँकेचे खाते, आधार, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेचे निरोप आणि गावाकडील वृद्ध माता-पित्यांचा आवाज बांधलेला आहे, त्या क्रमांकाची सेवा कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न कंटाळून सोडून देण्याजोगा खचितच नाही.

थोडे मागे जावे लागेल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. देशातील मोबाईल सेवेचा तो आरंभ मानला जातो. त्या काळी मोबाईल ही श्रीमंतांची चैन होती, कारण बोलणाऱ्याला तर पैसे पडतच, पण ऐकणाऱ्यालाही पडत. ‘मिस्ड कॉल’ ही भारतीय मध्यमवर्गाची खास निर्मिती याच काटकसरीतून जन्मली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काचे जोखड काढून महसुलातील वाट्याची पद्धत आणली. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले, ऑक्टोबर २००२ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते लखनऊ येथे निगमच्या मोबाईल सेवेचे उद्घाटन झाले आणि २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. रिक्षाचालकाच्या, भाजीविक्रेत्या भगिनीच्या हातात मोबाईल दिसू लागला तो त्यानंतर.

मात्र एक बेडी तशीच राहिली होती. कंपनी सोडायची तर क्रमांकही सोडावा लागे. व्यावसायिकाच्या दुकानाच्या पाटीवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेला क्रमांक बदलणे म्हणजे अर्ध्या परिचितांना मुकणे. सेवा कितीही निकृष्ट असो, ग्राहक जागेवर बसून राही. कंपन्यांना हे पुरेपूर ठाऊक होते. ही बेडी तुटली ती २५ नोव्हेंबर २०१० रोजी. त्या दिवशी हरियाणात क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती सर्व देशात लागू झाली. आरंभी त्यासाठी एकोणीस रुपये शुल्क होते. तरीही एक त्रुटी उरली. दूरसंचाराच्या नकाशात देशाची बावीस मंडळे आहेत. मुंबई हे स्वतंत्र मंडळ, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे नागपूरचा अभियंता नोकरीनिमित्त मुंबईत आला, तर मुंबईच्या मंडळात त्याला आपला क्रमांक नेता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून तीही अडचण दूर झाली.

म्हणजे हक्क मिळाला. पण हक्क मिळण्याच्या काळात पर्याय किती होते आणि आज किती आहेत, हे पाहिल्यावर चित्र तितकेसे आनंददायी राहत नाही. २०१० च्या सुमारास एकेका मंडळात दहाच्या आसपास कंपन्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. मुंबईची लूप मोबाईल, म्हणजे मूळची बीपीएल, २०१४ च्या अखेरीस परवान्याची मुदत संपून बंद झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, कित्येक महिने फुकट सेवा दिली, आणि त्या लाटेत रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो अशी एकेक नावे पुसली गेली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज सर्वसामान्य ग्राहकापुढे जिओ, एअरटेल, व्ही आणि भारत संचार निगम अशी चारच दारे आहेत.

या उलथापालथीत एक गंमत घडली आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. मुंबईत १९९५ मध्ये ज्याने मॅक्सटचची सेवा घेतली, तो पुढे ऑरेंजचा ग्राहक झाला, मग हचचा, मग व्होडाफोनचा, आणि आता व्हीचा. पुण्या-नाशकात ज्याने बिर्ला एटी अँड टीचा फोन घेतला, तो आयडियामार्गे त्याच ठिकाणी पोहोचला. या ग्राहकांनी आयुष्यात कधी कंपनी बदलली नाही, कंपनीच त्यांच्या हाताखालून बदलत राहिली. ‘आम्ही वर्षानुवर्षे एकाच कंपनीशी निष्ठावंत आहोत’, असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ अनेक भेटतात. ती निष्ठा नेमकी कोणाशी आहे, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. जिओची रोज दीड जीबी इंटरनेट देणारी, २८ दिवसांची योजना २३९ रुपयांवरून २९९ वर गेली. फरक साठ रुपयांचा, असे वरवर दिसते. परंतु महिना अठ्ठावीस दिवसांचा मानला की वर्षाचे महिने बारा नव्हे, तेरा होतात. वर्षाला एका फोनमागे ३,१०७ ऐवजी ३,८८७ रुपये, म्हणजे ७८० रुपये अधिक. घरात चार फोन असतील तर ३,१२० रुपये. पगारदार कुटुंबाच्या वार्षिक हिशेबात ही रक्कम दिसते. तेराव्या महिन्याचा हा प्रकार नियामक प्राधिकरणाच्याही नजरेस आला होता. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवलीच पाहिजे, असा आदेश २०२२ मध्ये निघाला. अशा योजना आहेत, पण त्या मागणाऱ्यालाच मिळतात. दुकानाच्या फलकावर ठळक अक्षरांत अठ्ठावीसच झळकतो.

दरवाढीनंतर जे घडले ते बोलके आहे. त्या एका जुलै महिन्यात निगमकडे सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले. कित्येक वर्षे ग्राहक गमावणाऱ्या निगमच्या बाबतीत हे आश्चर्यच होते. परंतु हा ओघ टिकला नाही. काही महिन्यांतच तो आटला आणि वर्ष संपण्यापूर्वी निगमचे ग्राहक पुन्हा कमी होऊ लागले. रागाच्या भरात उचललेले पाऊल आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय यांतील अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसते.

विचारपूर्वक निर्णय म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. चिंचवडला एका कारखान्यात नोकरी करणारा मुलगा, त्याची पत्नी, महाविद्यालयात शिकणारी त्यांची कन्या, आणि राजापूर तालुक्यातील एका वाडीत राहणारे त्याचे वडील, निवृत्त शिक्षक. आजींच्या निधनानंतर अण्णा गावी एकटेच आहेत आणि पुण्याला येण्यास राजी नाहीत. रोज सायंकाळी सातला मुलाचा फोन जातो. दरवाढीची बातमी आल्यावर मुलाने ठरवले की, चारही फोन एकदम दुसऱ्या कंपनीकडे न्यायचे. चिंचवडमध्ये बसून हा निर्णय फार सोपा वाटतो.

सुनेने मात्र साधा प्रश्न विचारला. ‘अण्णांच्या ओसरीवर त्या कंपनीची रेंज येते का?’

मोबाईलचा निर्णय येथून सुरू व्हावा, दरापासून नव्हे. कोणत्या कंपनीची सेवा देशात सर्वोत्तम, या प्रश्नाला अर्थच नाही. आपल्या घरात, आपल्या कार्यालयात आणि आपली माणसे राहतात त्या गावात कोणाची सेवा मिळते, एवढाच प्रश्न खरा. कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. उच्च वारंवारितेच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, परंतु त्यांचा पल्ला तोकडा असतो. कोकणात तर एका डोंगराची सोंड आडवी आली की मनोऱ्यापासून दोन किलोमीटरवरील वाडी मुकी होते. नियामक प्राधिकरणाच्या निर्देशानुसार २०२५ पासून कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. ते अवश्य पाहावेत. परंतु नकाशात गाव रंगलेले दिसले, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरातील माजघरही रंगले असे नव्हे.

दुसरी गोष्ट हातातील यंत्राची. अण्णांकडे जुना, बटणांचा, टूजी फोन आहे. चार दिवस चार्जिंग टिकते, अक्षरे मोठी दिसतात आणि तो हातातून पडून पडून सिद्ध झालेला आहे. जिओचे जाळे पहिल्यापासून फोरजीचे. तिच्याकडे टूजी नाहीच. त्यामुळे असा फोन तिथे केवळ शोभेची वस्तू ठरतो. बटणांचे फोरजी फोन मिळतात, पण मग साठ रुपये वाचवण्यासाठी नवा फोन घ्यायचा आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नवी बटणे शिकायची, असा तो व्यवहार होतो. खरे म्हणजे अण्णांना इंटरनेटच नको आहे. त्यांच्यासारख्यांसाठी एक चांगला नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला. इंटरनेट वगळून केवळ बोलणे आणि संदेश यांची निदान एक योजना देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि विशेष योजनांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. अनेक घरांत आजही आजी-आजोबांच्या फोनवर रोज दीड जीबी भरले जाते आणि रोज मध्यरात्री ते वाया जाते. अशा घरात कंपनी बदलण्यापूर्वी योजना बदलावी. अर्धा प्रश्न तेथेच सुटतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती अशी की क्रमांक कोणाच्या नावावर आहे? वडिलांचा फोन जावयाच्या नावावर, पत्नीचा पतीच्या कार्यालयाच्या नावावर, हे आपल्याकडे सर्रास चालते. कार्यालयाच्या नावावरील क्रमांक हलवायचा तर कार्यालयाचे संमतिपत्र लागते. मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल तर क्रमांक हलवता येत नाही. कोणाच्या नावावर किती जोडण्या आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मे २०२३ पासून पाहता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावे कमाल नऊ जोडण्या चालतात. आपल्या नावे अनोळखी क्रमांक निघाला तर तेथेच तक्रार करता येते. कंपनी बदलायची नसली तरीही एकदा हे तपासणे हिताचे आहे.

आता स्वदेशीचा मुद्दा. या सभागृहातील अनेकांच्या मनात तो असणार, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. निगम म्हणजे देशाचे, म्हणून निगमचीच सेवा घ्यावी, असा एक विचार आहे. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. जिओ आणि एअरटेल या भारतीय उद्योजकांनीच उभ्या केलेल्या कंपन्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये थकबाकीचे भागभांडवलात रूपांतर झाल्यावर व्हीमध्येही सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या घरात गेला आहे. खरा फरक मालकीपेक्षा यंत्रसामग्रीत आहे. खाजगी कंपन्यांच्या मनोऱ्यांवरील बरीचशी सामग्री एरिक्सन, नोकिया, सॅमसंग यांची आहे. निगमने मात्र २०२० मध्ये, गलवानच्या संघर्षानंतर, आपली फोरजीची निविदा रद्द केली आणि देशातच तयार झालेल्या सामग्रीची वाट धरली. सी-डॉटचे केंद्रक, तेजस नेटवर्क्सची रेडिओ सामग्री आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची जुळणी, असे हे संपूर्ण भारतीय तंत्र आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुमारे ९७,५०० मनोऱ्यांचे लोकार्पण झाले. असे तंत्र स्वबळावर उभारणाऱ्या मोजक्या देशांच्या पंक्तीत भारत बसला, ही अभिमानाची बाब निःसंशय आहे.

या अभिमानाची किंमतही मोजावी लागली, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. देशात फोरजीचा आरंभ २०१२ मध्ये झाला. निगमच्या ग्राहकाला ती सेवा देशभर मिळायला एका तपाहून अधिक काळ लागला. त्या काळात निगमला सावरण्यासाठी २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये तीन मोठी आर्थिक पॅकेजेस द्यावी लागली. २०२२ चे एकटे १ लाख ६४ हजार कोटींचे होते. हा पैसा करदात्याचा. दुसऱ्या बाजूला, जेथे खाजगी कंपनीला नफा दिसत नाही अशा दुर्गम पाड्यांवर मनोरा उभारण्याचे काम आजही निगमकडेच येते. फोरजी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठीची २०२२ ची योजना निगमच राबवते आहे. तेव्हा निगमची सेवा आपल्या घरी चांगली मिळत असेल, तर ती आनंदाने घ्यावी. मिळत नसेल तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. देशभक्ती सिमकार्डाने मोजण्याइतकी स्वस्त नाही. शिवाय ग्राहकाने वाईट सेवा मुकाट्याने सोसली, तर त्या संस्थेचेही भले होत नाही.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. जागृत ग्राहक ही बाजाराला शिस्त लावणारी शक्ती आहे, हाच त्या चळवळीचा पाया होता. मोबाईलच्या क्षेत्रात तर या शक्तीची आज विशेष गरज आहे, कारण दर ठरवण्याचे काम नियामक प्राधिकरण करीत नाही. ते कंपन्यांवर सोडलेले आहे. चार कंपन्यांपैकी तीन एकाच आठवड्यात दर वाढवतात, तेव्हा ‘दुसरीकडे जाऊ’ ही धमकी किती उरते? ती उरावी असे वाटत असेल तर चौथी कंपनी जिवंत राहणे सर्वांच्याच हिताचे आहे, तिचे ग्राहक नसलेल्यांच्याही. निगमच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हा आहे, आणि तो भावनेचा नसून निखळ व्यवहाराचा आहे.

बदलायचे ठरलेच, तर रीत अवघड नाही. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी लिपीत, मग एक जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश पाठवावा. आठ अक्षरी संकेतांक येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे किमान नव्वद दिवस झालेले असावेत आणि मासिक बिलाची जोडणी असेल तर थकबाकी भरलेली असावी. संकेतांक आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेले की, एकाच मंडळात तीन आणि दुसऱ्या मंडळात पाच कामकाजाच्या दिवसांत काम होते. जुन्या कंपनीकडील शिल्लक रक्कम आणि उरलेली मुदत बुडते. म्हणून योजना संपत आल्यावरच अर्ज करावा. वर्षाचे पैसे भरून पंधराव्या दिवशी रागावणे परवडत नाही.

तो आठ अक्षरी संकेतांक मात्र तिजोरीच्या किल्लीसारखा जपावा. ‘तुमचा क्रमांक बंद होणार आहे, आलेला संकेतांक सांगा’, असा फोन आला तर तो निश्चितपणे भामट्याचा समजावा. क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला की बँकेचा प्रत्येक गुप्त संदेश त्याच्या हाती जातो. याच धोक्यासाठी १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की, हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवे घेतले, तर पुढील सात दिवस संकेतांक मिळत नाही. याखेरीज, क्रमांक हलताना काही काळ सेवा खंडित होते आणि नव्या सिमवर पैसे पाठवण्याची ॲप पुन्हा नोंदवावी लागतात. मुलीच्या प्रवेशाचे शुल्क भरण्याचा दिवस, रुग्णालयात कोणी दाखल असतानाचा आठवडा, परगावी प्रवास, अशा वेळी हे काम काढू नये.

चिंचवडच्या त्या घराने काय करावे? सर्वांत शहाणपणाची वाट थोडी संथ आहे. नव्या कंपनीचे एक स्वस्त सिम वेगळे घ्यावे, ते मुलीच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घालावे आणि महिनाभर घरात, महाविद्यालयात, लोकलमध्ये वापरून पाहावे. गणपतीला गावी जाताना तेच सिम बरोबर न्यावे. घाटात पाहावे, बाजारपेठेत पाहावे, आणि अण्णांच्या ओसरीवर, माजघरात, मागील पडवीत, रात्री दिवे गेलेले असतानाही पाहावे, कारण मनोऱ्याची बॅटरी किती तास टिकते हे दिवे गेल्यावरच कळते. तेथे आवाज नीट आला नाही, तर चिंचवडचे तीन फोन खुशाल बदलावेत आणि अण्णांचा तसाच ठेवावा. फक्त त्यावरची रोजची दीड जीबी काढून वर्षभराची बोलण्याची योजना भरावी, आणि ती संपण्याची तारीख सुनेने स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर लिहून ठेवावी.